लेआउटमध्ये घर बांधताय? सांडपाण्याचं आधी ठरवा

प्लॉटची रजिस्ट्री झाली, नकाशा मंजूर झाला की घरात चर्चा सुरू होते ती टाइल्सची, किचन ओट्याची आणि गेटच्या डिझाइनची. सांडपाण्याचा विषय निघतो स्लॅब पडल्यावर. तेव्हा मिस्त्री सांगतो, "मागच्या कोपऱ्यात सेप्टिक टाकी करू, बाजूला पाणी मुरवायला शोषखड्डा मारू, झालं काम." नागपूरच्या कडेला, बेसा-बेलतरोडीपासून गोधनीपर्यंत, असे कितीतरी लेआउट आहेत जिथे रस्ता आला, वीज आली, पण गटर लाइन अजून पोचलेली नाही. तिथे पहिल्यांदाच घर बांधणाऱ्यांसाठी हा लेख आहे. पाया खोदण्याआधी वाचला तर सगळ्यात जास्त उपयोग होईल, कारण यातले बरेच निर्णय नंतर फिरवता येत नाहीत.

नाली म्हणजे गटर लाइन नव्हे

आपल्या प्लॉटसमोर नेमकं काय आहे ते आधी तपासा. रस्त्याच्या कडेची उघडी नाली पावसाच्या पाण्यासाठी असते. गटर लाइन जमिनीखालून जाते आणि तिचे झाकणबंद चेंबर ठरावीक अंतरावर दिसतात. विकणारा "ड्रेनेज आहे" म्हणाला तर त्यावर थांबू नका. पालिकेच्या झोन कार्यालयात, किंवा तुमचा भाग ज्यांच्याकडे येतो त्या नगर पंचायतीत, सुधार प्रन्यासात वा महानगर प्रदेश विकास प्राधिकरणात विचारा: लाइन टाकलेली आहे का, ती चालू आहे का, आणि पुढे कशाला जोडली आहे? तिन्ही उत्तरं हवीत. पाइप पुरलेले आहेत पण पुढे जोडलेच नाहीत, असंही असतं.

लाइन चालू असेल तर रीतसर जोडणी घ्या. हाच सगळ्यात चांगला मार्ग आहे. भांडेवाडीच्या केंद्रात शहराच्या सांडपाण्यावर प्रक्रिया होते आणि ते पाणी कोराडी-खापरखेड्याच्या औष्णिक वीज केंद्रांना जातं. म्हणजे तेवढं धरणाचं पाणी वाचतं. लाइन नसेल तर टाकीचा पाइप गुपचूप नालीत सोडू नका. नालीतलं पाणी नाल्याला जातं, नाल्यातून नाग किंवा पिवळी नदीला, तिथून कन्हानमध्ये, मग वैनगंगेत आणि शेवटी गोसीखुर्दच्या जलाशयात. त्या काठावर माणसं राहतात, मासे धरतात, शेती करतात.

पाणी किती निघणार

हिशेब सोपा आहे. शहरी भागात माणशी रोज १३५ लिटर पाणी धरतात आणि त्यातलं साधारण ८० टक्के सांडपाणी म्हणून बाहेर पडतं असं मानतात. म्हणजे माणशी १०८ लिटर, पाच जणांच्या घराचं रोज ५४० लिटर. वर भाडेकरू ठेवायचे असतील तर त्यांना आत्ताच मोजा. नंतर मजला चढवता येतो. टाकी मात्र तेवढीच राहते.

मातीला विचारा, आणि मे महिन्यात विचारू नका

नागपूर दोन प्रकारच्या खडकांच्या सीमेवर वसलं आहे. पश्चिमेला दख्खनचा काळा पाषाण, पूर्वेला त्याहून कितीतरी जुना पट्टेदार नाइस खडक. त्यावर कुठे मुरूम, कुठे काळी माती, आणि एकाच लेआउटमध्ये शंभर फुटांवर चित्र बदलतं. म्हणून "शेजाऱ्याचा शोषखड्डा मस्त चाललाय" हा पुरावा होत नाही.

काळी माती उन्हाळ्यात भेगाळते. त्या भेगांमध्ये बादलीभर पाणी ओतलं तर क्षणात गडप होतं, आणि बघणाऱ्याला वाटतं की जमीन पाणी छान पिते. हीच माती पावसाळ्यात फुगते, भेगा मिटतात, आणि मग पाणी जागचं हलत नाही. उन्हाळ्यात खणलेला शोषखड्डा ऑगस्टमध्ये तुडुंब भरून अंगणात वाहायला लागतो त्यामागे मिस्त्रीची चूक असेलच असं नाही. बहुतेक वेळा जमिनीची परीक्षाच झालेली नसते.

ही परीक्षा घरच्या घरी करता येते आणि तिला जवळजवळ काही खर्च नाही. शोषखड्डा जिथे करायचा तिथे, तो जितका खोल जाणार आहे तितक्या खोलीवर, साधारण चार ते बारा इंच रुंदीचा छोटा खड्डा घ्या. पहारीने किंवा फावड्याने खणताना बाजू गुळगुळीत चोपल्या जातात; त्या खिळ्याने खरवडून मोकळ्या करा, नाहीतर आकडा खोटा येतो. तळाशी दोन इंच जाड रेती टाका. आता फूटभर पाणी भरा आणि रात्रभर तसंच राहू द्या. काळी माती असेल तर पूर्ण दिवस भिजू द्या, मधे पाणी कमी झालं तर पुन्हा भरा. माती फुगून बसली पाहिजे. खरी परीक्षा त्यानंतरची.

दुसऱ्या दिवशी रेतीच्या वर १५ सेंटीमीटर पाणी ठेवा, पट्टी उभी धरा आणि ३० मिनिटांत पातळी किती उतरली ते बघा. रात्रीचं पाणी सगळं जिरून गेलं असेल तर चार तास दर अर्ध्या तासाने पाणी भरून मोजत राहा आणि शेवटच्या अर्ध्या तासाचा आकडा धरा. पाणी २.५ सेंटीमीटर उतरायला किती मिनिटं लागतात हे आपल्याला काढायचं आहे. सेप्टिक टाकीच्या भारतीय मानकानुसार (आयएस २४७०) हा वेळ ३० मिनिटांपर्यंत असेल तर शोषखड्डा चालतो. ३० ते ६० मिनिटं असेल तर खड्ड्याऐवजी लांब, उथळ चर घ्यावे लागतात. ६० च्या वर गेला तर जमिनीत मुरवण्याचा विचार सोडायचा. उदाहरणार्थ, अर्ध्या तासात पाणी फक्त एक सेंटीमीटर उतरलं तर २.५ सेंटीमीटरला ७५ मिनिटं झाली. अशा जागी कितीही मोठा शोषखड्डा करा, तो भरणारच.

पावसाळ्याच्या शेवटी, सप्टेंबरच्या सुमारास, जवळच्या विहिरीत डोकावून पाणी किती वर आलंय तेही बघा. जमिनीपासून सहा फुटांच्या आत पाणी लागत असेल तर शोषखड्डा नको. फुटलेला, फटींचा खडक लागला तर उलटा धोका असतो: पाणी झपाट्याने उतरतं, पण गाळलं न जाता थेट भूजलात. कोकण किनाऱ्यावरच्या वाळूतही असंच होतं, टाकीचं पाणी कधी विहिरीत पोचलं ते कळत नाही. पाणी लवकर मुरलं म्हणून ते स्वच्छ झालं असं समजू नका.

तीस बाय पन्नासचं गणित

इथे जरा थांबा, कारण माझ्या मते सगळ्या लेआउटचा मूळ प्रश्न हाच आहे. शोषखड्डा पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून, म्हणजे विहीर किंवा बोअरपासून, निदान १८ मीटर दूर असावा असं तेच मानक सांगतं. १८ मीटर म्हणजे ५९ फूट. आता आपल्याकडचा नेहमीचा प्लॉट घ्या, ३० बाय ५०, दीड हजार स्क्वेअर फूट. त्याचा एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचा कर्ण भरतो ५८ फूट. एका टोकाच्या कोपऱ्यात बोअर आणि दुसऱ्या टोकाच्या कोपऱ्यात शोषखड्डा केला तरी अंतर पुरत नाही. शोषखड्डा राहत्या घरापासून सहा मीटर, म्हणजे वीस फूट, लांब हवा; तेही या प्लॉटवर घर बांधल्यावर उरत नाही. शिवाय तुमचा मागचा कोपरा हा मागच्या शेजाऱ्याचाही मागचा कोपराच असतो, आणि त्याने बोअर नेमका तिथेच मारलेला असू शकतो.

म्हणून लहान प्लॉटवर "माझी टाकी, माझा शोषखड्डा, माझा बोअर" हे तिन्ही एकत्र नीट बसत नाहीत. टाकी प्रत्येकाची असू द्या. टाकीतून निघणाऱ्या पाण्याची सोय गल्लीने मिळून करावी, असं मी ठामपणे सांगेन. ती कशी, ते पुढे येतंच.

टाकी: काय बघायचं, काय मोजायचं

सेप्टिक टाकीचं काम एवढंच: जड गाळ खाली बसवणं, तेलकट साय वर धरून ठेवणं आणि मधलं पाणी पुढे सोडणं. खाली बसलेला गाळ जिवाणू हळूहळू पचवतात. बाहेर पडणारं पाणी दिसायला निवळ असलं तरी त्यात रोगजंतू भरपूर असतात. म्हणून तिला शुद्धीकरण केंद्र समजू नका.

पाच माणसांसाठी आतलं माप १.५ मीटर लांब, ०.७५ मीटर रुंद आणि पाण्याची खोली साधारण १.०५ मीटर; वर ३० सेंटीमीटर मोकळी जागा. यात जवळपास १२०० लिटर पाणी मावतं. दहा जणांसाठी २ मीटर, ०.९ मीटर आणि १.४ मीटर धरा. या मापांत गाळ दोन वर्षांनी उपसायचा असं गृहीत आहे. लांबी रुंदीच्या दुप्पट ते चौपट हवी. चौकोनी हौद बांधला तर पाणी या तोंडातून आलं आणि त्या तोंडातून गेलं, गाळ बसायला उसंतच मिळत नाही. मोठ्या टाकीत दोन-तृतीयांश लांबीवर आडवी भिंत घालून दोन कप्पे करतात. जागा असेल तर छोट्या टाकीतही करून घ्या.

काम चालू असताना स्वतः उभं राहून या गोष्टी बघा:

- तळ पक्का हवा. "खाली मोकळं सोडू, आपोआप मुरेल" असं कुणी म्हटलं तर तिथेच थांबवा. बिनबुडाची टाकी म्हणजे कच्चा मैला थेट भूजलात.
- आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या दोन्ही पाइपांना टी (इंग्रजी T आकाराचा जोड) हवा, त्याचा खालचा पाय पाण्यात फूटभर बुडालेला. बाहेरच्या बाजूचा टी नसेल तर वरची साय सरळ पुढे जाते आणि पुढची सगळी व्यवस्था तुंबते.
- बाहेरचा पाइप आतल्यापेक्षा ५ सेंटीमीटर खाली. अंदाजाने नको, लेव्हलच्या नळीने बघा.
- टाकीतला गॅस बाहेर सोडणारा पाइप घराच्या छतापेक्षा दोन मीटर वर, तोंडाला जाळी. जाळी नसेल तर डास तिथूनच ये-जा करतात.
- दोन्ही टींच्या बरोबर वर झाकण. टाइल्स लावून झाकण बुजवू नका.

प्लास्टर वाळल्यावर टाकी बाहेरच्या पाइपापर्यंत पाण्याने भरा, पातळीवर कोळशाने रेघ मारा आणि दुसऱ्या दिवशी बघा. रेघ उघडी पडली तर टाकी गळतेय. ही चाचणी होईपर्यंत बाजूची माती भरू देऊ नका. भरतानाही काळी माती परत टाकू नका, मुरूम टाका. काळी माती फुगली की विटांच्या भिंतींना तडे जातात.

छताचं पाणी टाकीला जोडू नका. हजार फुटांच्या छतावर ५० मिलिमीटर पाऊस पडला तर साडेचार हजार लिटरच्या वर पाणी होतं. १२०० लिटरच्या टाकीतून ते गेलं की दोन वर्षांचा गाळ एका दुपारी वाहून पुढे जातो. कूलरचं सांडणारं पाणीही झाडांना द्या, टाकीला नको. स्वयंपाकघराच्या मोरीला आधी तेल अडवणारं छोटं चेंबर हवं आणि ते दर आठवड्याला साफ व्हायला हवं. सॅनिटरी पॅड, डायपर, तळणाचं तेल, ॲसिडच्या बाटल्या यांतलं काहीही संडासात जाऊ देऊ नका. "टाकी कधीच भरणार नाही" अशा पावडरींवर पैसे घालवू नका. लागणारे जिवाणू रोजच्या वापरातून आपोआप येतात.

गल्लीने मिळून: गिट्टी आणि कर्दळ

आता टाकीतून निघालेल्या पाण्याचं काय? नागपुरातच नीरी ही केंद्राची पर्यावरण संशोधन संस्था आहे, १९५८ साली सुरू झालेली. तिने विकसित केलेली फायटोरिड पद्धत वनस्पतींच्या आधारे सांडपाणी स्वच्छ करते. त्यामागचं तत्त्व गल्लीच्या पातळीवर चांगलं वापरता येतं: गिट्टीने भरलेल्या उथळ वाफ्यातून पाणी पृष्ठभागाखालून संथ वाहतं, गिट्टीवर आणि मुळांवर वाढलेले जिवाणू घाण खातात. वीज जवळजवळ लागत नाही, फक्त उतार मिळाला पाहिजे.

दहा घरं धरा, पन्नास माणसं. रोजचं पाणी ५४०० लिटर. माणशी एक ते दीड चौरस मीटर वाफा धरला तर ५० ते ७५ चौरस मीटर जागा लागेल, म्हणजे तीस बाय पन्नासच्या प्लॉटच्या साधारण एक-तृतीयांशापासून अर्ध्याहून थोडी जास्त. लेआउटच्या सार्वजनिक मोकळ्या जागेचा कडेचा पट्टा यासाठी योग्य, पण ती जागा ज्यांच्या ताब्यात असेल त्यांची लेखी परवानगी आधी घ्या. आराखडा अनुभवी पर्यावरण अभियंत्याकडून काढून घ्या. दहा घरांत वाटला तर तो खर्च प्रत्येकाला झेपतो.

मैला आपापल्या टाकीत राहतो, गल्लीतून फक्त निवळ पाणी जातं. त्यामुळे चार इंची पाइप आणि बेताचा उतार पुरतो. प्रत्येक घराबाहेर एक तपासणी चेंबर ठेवा. एखाद्याची टाकी भरून गाळ पुढे येऊ लागला तर तो नेमका कुठून येतोय हे तिथेच दिसतं, आणि भांडण वाचतं.

वाफा साधारण ६० सेंटीमीटर खोल घ्या, तळाला अगदी हलका उतार द्या आणि जाड प्लास्टिक शीट अंथरा. काळ्या मातीतही शीट हवीच, उन्हाळ्यातल्या भेगा आठवा. पाणी येण्याच्या आणि जाण्याच्या तोंडाशी मोठे दगड, मधे १० ते २० मिलिमीटरची गिट्टी. सगळ्यात जास्त वाफे बिघडतात ते न धुतलेल्या गिट्टीमुळे. क्रशरवरून आलेल्या गिट्टीत चुरी असते. ती पाण्याबरोबर तळाशी जाऊन थर धरते आणि वर्षभरात वाट बंद होते. ट्रक रिकामा झाला की मूठभर गिट्टी पारदर्शक बाटलीत घालून पाणी भरा आणि हलवा. पाणी चहासारखं झालं तर सगळी गिट्टी धुतल्याशिवाय वाफ्यात टाकू देऊ नका. हे कंटाळवाणं काम आहे, पण टाळू नका.

पाण्याची पातळी गिट्टीच्या ५ ते १० सेंटीमीटर खाली राहायला हवी. वर पाणी दिसलं की डास आलेच. त्यासाठी बाहेरच्या चेंबरमध्ये वळवता येणारा एल्बो (पाइपाचा काटकोनी जोड) लावा. तो वाकवला की पातळी वर-खाली होते. लावायला कर्दळ, पाणकणीस, देवनळ घ्या. कर्दळ सहज मिळते, भराभर वाढते आणि फुलते, त्यामुळे शेजारपाजारचा विरोधही मावळतो. पावसाळ्याच्या तोंडावर चौरस मीटरला चार रोपं लावा. झाडं जम धरायला काही महिने घेतात. तोवर पाण्याच्या रंगावरून निकाल लावू नका.

बाहेर पडलेलं पाणी झाडांना, हिरवळीला, बांधकामाला वापरा. कच्च्या खायच्या भाज्यांना नको. आणि एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट बघताना कितीही मोह झाला तरी कूलरमध्ये मुळीच नको: कूलर त्या पाण्याचे बारीक थेंब खोलीभर उडवतो आणि आपण रात्रभर तीच हवा घेतो.

उपसणं, आणि जिवाची काळजी

वर्षातून एकदा लांब बांबूला पांढरं फडकं गुंडाळून, झाकणातून बाहेरूनच, टाकीच्या तळापर्यंत घाला, दोन मिनिटं धरा आणि हळू वर काढा. फडक्यावर काळा डाग जितका उंच, तितका गाळ. गाळ आणि वरची साय मिळून निम्मी खोली व्यापू लागली की उपसा करा. साधारण दोन ते तीन वर्षांत ही वेळ येते. हिवाळ्यात किंवा उन्हाळ्यात करा. भर पावसात टाकी रिकामी केली आणि भोवतालचं भूजल वर असलं तर हलकी टाकी, विशेषतः प्लास्टिकची, खालून उचलली जाते आणि पाइप तुटतात. थोडा गाळ तळाशी राहू द्या, पुढची पचनक्रिया त्यावर लवकर सुरू होते.

गाडीवाल्याला पैसे देण्याआधी विचारा, मैला कुठे रिकामा करणार? प्रक्रिया केंद्राचं नाव सांगता येत नसेल तर दुसरी गाडी बोलवा.

टाकीत माणूस उतरवायचा नाही. कुणी "पाच मिनिटांचं काम आहे साहेब" म्हटलं तरी नाही, जास्त पैसे देऊन नाही, तोंडाला रुमाल बांधून नाही. आतला हायड्रोजन सल्फाइड वायू एक-दोन श्वासांत शुद्ध हरपवतो. जास्त प्रमाणात तो नाकाची संवेदनाच मारतो, म्हणून "वास येत नाही" ही खूण फसवी आहे. मिथेनमुळे काडी पेटवणंही धोक्याचं. सेप्टिक टाकीत संरक्षण साधनांशिवाय माणसाकडून सफाई करून घेणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि काम देणारा घरमालकही त्यातून सुटत नाही. कुणी आत पडलं तर मागोमाग उतरू नका. वाचवायला उतरलेला दुसरा आणि तिसराही दगावतो, अशा बातम्या दरवर्षी येतात. १०१ वर अग्निशमन दलाला बोलवा. यंत्राने सफाईसाठी १४४२० हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे.

कागदावर आणा

दहा घरं एकत्र येणार असाल तर काम सुरू होण्याआधी साध्या कागदावर लिहून सह्या घ्या: कोण किती देणार, तपासणी चेंबर दर महिन्याला कोण उघडून बघणार, वाळलेली कर्दळ कोण कापणार, सगळ्यांच्या टाक्या एकाच हंगामात उपसायच्या की नाही. एकत्र उपसल्या तर गाडीचा दर कमी करून घेता येतो. आणि पाइप बुजवण्याआधी मोबाइलवर फोटो काढा, कंपाउंडच्या भिंतीपासून फुटांत अंतर मोजा आणि तो नकाशा रजिस्ट्रीच्या फाइलमध्ये ठेवा. उद्या घर विकलं किंवा मुलाने मजला चढवला, तर झाकण कुठे आहे हे शोधायला अंगण फोडावं लागणार नाही.